रात्री दोनचं विमान

आमच्या गटातल्या एक काकू यंदा थंडीत लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या. डिंकाचे लाडू बांधून झाले, गाडीभाड्यापुरतं गटातून कर्ज उचललं. तिकिटावर होतं, १२ तारीख, ०२:०० वाजता. घरच्यांनी १२ तारखेच्या रात्री त्यांना मुंबईच्या विमानतळावर नेलं. विमान त्याच दिवशी पहाटे गेलेलं!

आपण उजाडलं की दिवस बदलला म्हणतो. तिकिटावरची तारीख मात्र रात्री बाराला बदलते. म्हणजे काकूंना ११ तारखेलाच घर सोडायला हवं होतं. परदेशाच्या विमानासाठी निदान तीन तास आधी पोचावं लागतं, म्हणजे ११ च्या रात्री अकराला विमानतळावर.

दुसरा घोळ पोचण्याच्या वेळेचा. त्याच तिकिटावर न्यूयॉर्कला पोचायची वेळ त्याच तारखेला सकाळी साडेसात. काका म्हणाले, "साडेपाच तासांत अमेरिका?" तसं नाही. प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेनऊ. काकू उतरतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असणार. म्हणजे प्रवास सोळा तासांचा.

अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. आपल्या गावाहून मुंबई चारशे धरली, तर पंधरा वेळा जाऊन यावं, तरी थोडं उरेलच. नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं, पण विमान उत्तरेकडून वळसा घेतं. कलिंगडावर दोन ठिपके काढून मध्ये दोरा ताणून बघा, जवळची वाट कशी वर सरकते ते कळेल. येताना मात्र एक-दोन तास कमी लागतात. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो आणि जाताना तोंडावर. परतीचं विमान सोमवारी निघालं तर इथे बहुतेक मंगळवार उजाडलेला असतो. आणायला जाणाऱ्यांनी तारीख बघून गाडी ठरवावी.

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी हे नक्की ऐका. दिवस एवढा लांबल्यावर गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवून विचारा. औषध आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ती बॅग विमानाच्या पोटात जाते. अधूनमधून उठून चार पावलं चाला, नाहीतर पाय सुजतात. पाणी पीत राहा.

लेकीने दुसरं तिकीट काढलं. काकू पोचल्या तेव्हा नात चार दिवसांची झाली होती.