लेण्याद्रीची छिन्नी आणि पुण्याची ‘राजी’

लेण्याद्रीच्या पायऱ्या आम्ही पुष्कळदा चढलो आहोत. गिरिजात्मजाचे दर्शन सातव्या लेण्यात. शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, कल्याणच्या सुलसदत्ताच्या दानाचा लेख आहे. दात्याचे नाव टिकले. छिन्नी चालवणाऱ्याचे कोणी कोरले नाही.

हे आठवले एका व्हिडिओ गेमवरून. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या, स्वतंत्र मंडळीने २०२० साली ‘राजी’ हा प्राचीन भारतावरचा खेळ काढला. नाटक आपण खुर्चीत बसून पाहतो. येथे खेळणाराच राजी होतो. राजी म्हणजे सर्कशीतली मुलगी. असुराने पळवलेल्या भावाला सोडवायला ती देवांची शस्त्रे घेऊन निघते. पुढचे पाऊल आपणच टाकायचे, चुकलो तर पुन्हा उठायचे.

पण प्राचीन काळ म्हणजे केवळ देव आणि असुर नव्हेत. जुन्नरच्याच लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. त्यांच्याकडे लोक विश्वासाने ठेव ठेवीत, उत्पन्नातून धर्मकार्य चाले. या कारागिरांची भूमिका घेऊन खेळायचा खेळही कोणीतरी करावा.

तोवर एवढे करू. खेळाच्या शेवटी तो घडवणाऱ्यांची नामावली सरकते, ती पुरी वाचूनच उठू. लेण्याद्रीच्या पाथरवटाला ती कधी मिळाली नाही.