नकाशावरचे ठिपके आणि गावचे पाणी



गव्हाणीत खोळंबा झाला की वजनकाट्यापासून थेट रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते, हे आपण दर हंगामात पाहतो. रांग दिसते रस्त्यावर, पण दुखणे असते गव्हाणीत. गावच्या आरोग्याचेही असेच आहे. जुलाबाचा पेशंट दिसतो दवाखान्यात, पण दुखणे असते विहिरीत, टाकीत नाही तर फुटक्या पाइपात. म्हणून एकेका पेशंटबरोबर पाण्याची सगळी साखळीही तपासावी लागते.

ती तपासायची कशी? सन 1854 मध्ये लंडनला पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून कोण कुठे दगावले ते टिपले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या आसपासचे निघाले. पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी हे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ही गोष्ट कुणालाही नुसत्या नजरेने कळू लागली.

लंडन लांब राहिले, आपल्या पुण्याचेच पाहू. जानेवारी 2025 मध्ये जीबीएस या आजाराचे पेशंट एकाएकी वाढले. यात हातापायांतली ताकद जाते, कधी श्वासही अडतो. एकेका दवाखान्यात दोन-चार पेशंट, त्यावरून काय कळणार? पण सगळ्यांचे पत्ते एकत्र मांडल्यावर पुष्कळसे सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यातले निघाले. तपासणीचा रोख पाण्याकडे वळला. अनेक पेशंटांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून व अर्धकच्च्या अन्नातून तो पोटात जातो.

आपल्या हिंजवडी, माण, मारुंजी भागाने यातून धडा घ्यावा. आयटी पार्क आल्यापासून वस्ती वाढली. नळ, बोअर, टँकर, जार अशा वाटांनी पाणी घरात येते. कोणती वाट बिघडली, हे नोंद असल्याशिवाय समजणार नाही.

गट ऑफिसात लागणीची तारीख, जात व क्षेत्र लिहिलेले असते, म्हणून तोडणीचा प्रोग्रॅम बसतो. तशीच एक वही गावात ठेवावी. जुलाब-उलटीचा पेशंट, तारीख, वस्ती आणि पिण्याचे पाणी कुठले, एवढे चारच रकाने पुरेत. गावच्या नकाशावर पेशंटमागे एक ठिपका द्यावा, त्यावर नाव मात्र लिहू नये. चार ठिपके एका जागी दिसले की लगेच आरोग्य केंद्राला कळवावे. टाकीत टीसीएल पावडर टाकली एवढ्यावर भागत नाही. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करावी. पिवळा रंग आला नाही, तर तिथवर क्लोरीन पोचलेले नाही असे समजावे.

आणखी एक सांगणे. तोडणी मजुरांच्या कोप्यांचा ठिपका कुठल्याच गावच्या वहीत येत नाही. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे, ती माणसे व त्यांची पोरेबाळे पाटाचे पाणी पितात. यंदा फडात टोळी उतरली की पहिली नोंद त्यांच्या पाण्याची करावी, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.