पोलीस का व्हायचंय?

आमच्या शेजारच्या मुलाला फौजदारकीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि सबंध आळीत लग्नघाई सुरू झाली. कागदोपत्री पदाचं नाव पोलीस उपनिरीक्षक. पण आपल्याकडे अजून फौजदारच म्हणतात. पोरानं लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा दिली, मुख्य परीक्षा दिली, मैदानावर गोळा फेकला, लांब उडी मारली, पुलअप्स काढले, ८०० मीटर धावला. उरली होती ती मुलाखत. गुण अवघे ४०. पण जिथं अर्ध्या गुणानं यादीतलं नाव खाली घसरतं, तिथं चाळीस म्हणजे डोंगरच की!

जो तो सल्ला देऊ लागला. बूट काळेच घाल, केस बारीक काप, आत शिरताना परवानगी विचार. सगळं बरोबरच. पण पोरगा रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सराव घ्या ना माझा."

मी निवृत्त मास्तर. प्रश्न विचारण्यात हयात गेलेली. ओसरीवर तीन खुर्च्या मांडल्या. एकीवर मी, दुसरीवर आमची ही, तिसरीवर त्याचे वडील. ते खुर्चीत बसायला तयारच नव्हते, शेवटी टेकले.

सुरुवात सोपी केली. नावाचा अर्थ, तालुक्यातली पिकं, पदवीचा विषय. मुलाखतीची सुरुवात पुष्कळदा उमेदवारानं अर्जात लिहिलेल्या माहितीवरूनच होते. छंद 'वाचन' लिहिलं असेल, तर शेवटचं वाचलेलं पुस्तक सांगता आलं पाहिजे. मग कायद्याकडे वळलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, हे त्यानं धडाधड सांगितलं. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हेही पाठ होतं.

तेवढ्यात आमच्या हिनं विचारलं, "रात्री बारा वाजता एक बाई ठाण्यात आली. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलंय. पण घर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. काय करशील?"

"काकू, हद्द आडवी येत नाही. झिरो एफआयआर नोंदवायचा आणि नंतर तो त्या ठाण्याकडे पाठवायचा."

"ते कायद्याचं झालं रे. तिला आधी बसायला खुर्ची देशील की नाही? पाणी विचारशील?"

पोरगा गप्प झाला. ते पुस्तकात नव्हतं.

मग मी ठेवणीतला प्रश्न काढला. "पोलीस का व्हायचंय?" उत्तर तयार होतं. देशसेवा, समाजसेवा, वर्दीचं आकर्षण. शब्द छान होते, पण त्यात तो कुठंच नव्हता.

त्याचे वडील पहिल्यांदाच बोलले. "मास्तर, आपली विहिरीवरली मोटर चोरीला गेलती. हा सहा वर्सांचा होता. सायकलवर मागं बसवून ठाण्यात नेलता. साहेबांनी मान वर केली न्हाई. 'उद्या या' म्हणाले. तीन दिस गेलो. तक्रार काय लिहून घेतली न्हाई."

"मला आठवतंय," पोरगा हळूच म्हणाला. "पण हे मुलाखतीत कसं सांगू? खात्याची निंदा केली असं वाटेल."

प्रश्न खरा होता. स्वतःचं दुःख गुणांसाठी विकायला काढू नये. पण जे खरं कारण आहे ते लपवून पाठ केलेलं बोलण्यातही अर्थ नाही. समोर बसलेल्यांनी अशी शेकडो पाठांतरं ऐकलेली असतात. मी म्हटलं, "गाऱ्हाणं सांगू नकोस. त्या खुर्चीत बसल्यावर तू काय करशील ते सांग. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिता कुमारी खटल्यातला निकाल आहे, २०१३ सालचा. फिर्यादीला त्याची नक्कल फुकट द्यायची असते. हे तुझ्या वडिलांना त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगणार आहेस ना? मग तेच तुझं उत्तर."

आणखी एक बजावलं. येत नसेल तर सरळ 'माहीत नाही, सर' म्हणावं. पोलिसाला रोज असे प्रसंग येतात, की थाप मारून वेळ निभावण्याचा मोह होतो. तो मोह आवरतो का, हे त्या खोलीतही दिसतं.

मुलाखत झाली. तो प्रश्न आलाच. चार वाक्यांत उत्तर दिलं म्हणाला, आवाज कापला नाही. निकाल लागायचा आहे. पेढे आणायचे की पुन्हा अभ्यासाला बसायचं, ते तेव्हा ठरेल.

परवा त्याचे वडील पारावर भेटले. म्हटलं, "फौजदार झाला तर काय सांगणार पोराला?"

थोडा विचार करून म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणू नको. एवढंच."