घोटाभर पाण्यातली गर्दी

उमरेडकडच्या पारडगाव किंवा सायकी तलावावर डिसेंबरात जायचं तर उजाडायच्या आत पाळीवर पोचावं. धुक्यातून आधी आवाज येतो, मग पट्टकादंबांचा थवा दिसतो. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळे पट्टे. रात्री गव्हा-हरभऱ्याच्या शेतांत चरून ते पाण्याकाठी विसाव्याला येतात. त्यांची वीण मंगोलिया, तिबेटकडची. हिमालय ओलांडताना यांतले काही सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद उपग्रह-यंत्रांनी केली आहे. तिथल्या विरळ हवेतलाही प्राणवायू त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन घट्ट पकडून ठेवतं.

कादंब दिसले की बरेच जण कॅमेरा आवरून परततात. खरी गंमत पुढे आहे. दुर्बीण काठावरून हळूहळू आत न्यावी. ओल्या चिखलात तुतवार शेपूट हलवत टिपतो, थोडं आत लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, त्याच्यापुढे थापट्या चपट्या चोचीनं पाणी गाळत जातो आणि खोल पाण्यात लालसरी बुडी मारते. पायांची लांबी आणि चोचीची घडण यांवर प्रत्येकाची जागा ठरलेली. शिंगाड्याच्या वेलींवरून लांबलचक बोटांनी कमळपक्षी चालतो. त्याच्यात अंडी उबवायचं आणि पिलं सांभाळायचं काम नराचं.

एवढी पंगत बसते ती उतरत्या काठामुळे. पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव असेच आहेत. एका बाजूला मातीची पाळ, बाकी काठ सपाट पसरलेला. दिवाळीनंतर पाणी ओसरतं तसा गाळ उघडा पडतो, लोक त्यात गाळपेर करतात आणि त्याच ओलीत पक्ष्यांना अळ्या, गोगलगायी मिळतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ उभा कापून भिंत बांधली की पाणी तेवढंच राहतं, पण तुतवार-शेकाट्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. मला हे तळं बुजवण्याइतकंच वाईट वाटतं. गाळ जरूर काढावा, पण मधला. काठाचा उतार राहू द्यावा.

ऊन चढलं की सापांची वेळ. ते शोधायचे पाळीच्या पिचिंगच्या दगडांत. दोन दगडांच्या फटीतून फक्त डोकं बाहेर, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा, अंगावर चौकटी. हा धोंड्या, म्हणजे पाणदिवड. मासे आणि बेडूक हे त्याचं खाणं. उथळात आलेली मासोळी तो आडवी धरतो, काठावर आणतो, जबड्यात फिरवून तिचं डोकं पुढे घेतो आणि मगच गिळतो. ढिवरांच्या जाळ्यातही तो अडकतो. बिनविषारी आहे, मात्र डिवचला तर मान चपटी करतो आणि कडकडून चावतो. त्या चपट्या मानेपायी नाग समजून किती धोंड्या मारले जातात! नाग नदीवरून नाव मिळालेल्या शहराच्या आसपास तरी हे थांबायला हवं.

थंडीत घोणसही उन्हाला येते. वाळक्या गवतात ती सहज दिसत नाही. पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ही तिची ओळख. पायांत उंच बूट हवेत, दगडाखाली हात घालायचा नाही, आणि कोणताही साप हाताळायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सापांना संरक्षण आहे, फोटोसाठी पकडणं हाही गुन्हाच.

अंधार पडल्यावर मण्यार फिरते. तिचा दंश दुखतोच असं नाही, त्यामुळे अनेकदा उशीर होतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. दंश झाल्यास आवळून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय कमीत कमी हलवत माणसाला थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं. तलावावर निघण्याआधी तो दवाखाना कुठे आहे आणि तिथे प्रतिविष आहे का, एवढं फोन करून विचारून ठेवावं.