देवनागरी शीर्षक टंक

शीर्षक टंक म्हणजे मथळे, भित्तिपत्रके, मुखपृष्ठे व पाट्या यांवरील मोठ्या आकारातील मजकुरासाठी रेखाटलेला टंक (फाँट) होय. पुस्तकातील सलग मजकुराचा टंक लहान आकारात दीर्घकाळ वाचता यावा अशा बेताने घडवलेला असतो. शीर्षक टंकाला मात्र मोजके शब्द चटकन नजरेत भरवायचे असतात. म्हणून त्याचा ठसा बहुधा जाड असतो.

पार्श्वभूमी

रोमन लिपीतील अक्षररेषांच्या टोकांशी असणाऱ्या लहान आडव्या जोडरेषेस सेरिफ म्हणतात. इटालियन मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांच्या सेरिफ टंकांत जाड उभ्या रेषा आणि अतिशय बारीक आडव्या रेषा यांचा ठळक विरोध आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी याच वळणाची फार जाड अक्षरे प्रचारात आली.

देवनागरीत सेरिफ नाही. शिरोरेखा हे सेरिफचे रूप नसून ती अक्षरांना शब्दात बांधते. देवनागरी रेषेची जाडी बोरूच्या तिरप्या टोकावरून ठरते आणि तो तिरपेपणा रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे रोमन टंकातील जाड-बारीक रेषांची मांडणी देवनागरीत जशीच्या तशी उतरवता येत नाही.

जाडी आणि वाचनीयता

रेषा जाड केली की अक्षरातील पोकळी आक्रसते. देवनागरीत ‘ब’मधील तिरपी रेषा पोकळीसह बुजली तर ‘व’चा, तर ‘भ’च्या शिरोरेखेतील खंड भरला गेला तर ‘म’चा भास होतो. ‘ष’–‘प’ व ‘घ’–‘ध’ या जोड्यांतही हाच धोका असतो. शिवाय शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी व रफार आणि अक्षराखाली उकार यांसाठी जागा राखावी लागते.

सोलापूर जिल्ह्यातील होटगी या रेल्वे जंक्शनचे नाव उदाहरणादाखल घेता येते. त्यातील ‘हो’मध्ये ‘ह’ची वळणे, काना आणि मात्रा एकत्र येतात, तर ‘गी’मध्ये तीन उभ्या रेषा लागोपाठ येतात. या रेषा सारख्याच जाड करून जवळ आणल्यास काळा पट्टा तेवढा उरतो. यावर अक्षराची रुंदी वाढवणे किंवा मुख्य रेषा जाड ठेवून जोडरेषा बारीक करणे, असे उपाय योजले जातात.

उदाहरणे

रोझा वन: इंडियन टाइप फाउंड्रीच्या या टंकातील देवनागरी अक्षरे ज्योतिष सोनोवाल यांनी, तर रोमन अक्षरे टिम डोनाल्डसन यांनी रेखाटली. जाड आणि बारीक रेषांतील तीव्र विरोध हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मोदक: मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा अत्यंत गुबगुबीत टंक. यात पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक फटी उरतात.

यात्रा वन: मुंबई उपनगरी रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर आधारित टंक. याची रचना कॅथरिन ली श्मिट यांनी केली.

हे तिन्ही टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत.

वापर व मर्यादा

तीव्र विरोधाचे टंक मोठ्या आकारातील मथळ्यांना शोभतात. आकार लहान झाल्यास किंवा अंतर वाढल्यास त्यांतील बारीक रेषा प्रथम दिसेनाशा होतात. म्हणून चालत्या गाडीतून वाचायच्या स्थानकाच्या पाटीसाठी मध्यम जाडीची, मोकळ्या पोकळीची अक्षरे अधिक उपयुक्त ठरतात. सलग परिच्छेदांसाठी शीर्षक टंक टाळले जातात.