एक मीटर पाणी, तीस वर्षांचं कासव

कोयना धरण काठोकाठ भरतं तेव्हा त्यात 105 टीएमसी पाणी असतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातलं सेंट लुसिया सरोवर सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि त्यात पाणी आहे जेमतेम 12 टीएमसी. सरासरी खोली एक मीटरच्या आसपास! हिंदी महासागराच्या वाऱ्यात आणि आफ्रिकेच्या उन्हात एवढं उथळ पाणी टिकतं कसं, हाच मुळात नवलाचा भाग.

नेहमी टिकतंही नाही. 1952 साली उमफोलोझी नदी सरोवराच्या मुखापासून तोडून वेगळी करण्यात आली. पूरमैदानात उसाची शेती झाली होती, नदीचा गाळ मुखाशी साचत होता. गाळ अडला, पण गोडं पाणीही अडलं. 2000 नंतरच्या दुष्काळात हिशेब चुकता झाला: 2006 च्या सुमारास सरोवराच्या तळाचा बहुतेक भाग कोरडा पडला आणि उरलेलं पाणी समुद्राहून खारट झालं. चूक करायला एक कालवा पुरला. ती निस्तरायला, म्हणजे नदी आणि सरोवर पुन्हा जोडायला, साठ वर्षांनंतर सुरुवात झाली.

हे सरोवर म्हणजे इसिमांगालिसो पाणथळ उद्यानाचा गाभा. समुद्रकिनारा 220 किलोमीटर, क्षेत्रफळ 3,300 चौरस किलोमीटरच्या घरात, पक्ष्यांच्या 500 हून अधिक जाती. पाणघोडे 800 च्या पुढे. एक पाणघोडा रात्रीत 40 किलोच्या आसपास गवत खातो. म्हणजे 800 पाणघोडे एका रात्रीत 32 टन गवत काठावरून उचलतात आणि त्यातलं बरंचसं शेणाच्या रूपानं पाण्यात नेऊन टाकतात. त्यावर शेवाळ, त्यावर कोळंबी आणि मासे, त्यांवर मगरी आणि पेलिकन. अशी खतपुरवठ्याची यंत्रणा माणसाला उभारायची झाली तर तिचा खर्च मोजायचा कुणी?

सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये उभे आहेत ते वाळूचे डोंगर, 180 मीटरपर्यंत उंच, अंगभर जंगल ल्यालेले. त्यांचं वय सुमारे 25,000 वर्षं सांगितलं जातं. या वाळूत टायटॅनियमची खनिजं आहेत. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत मिळणारं इल्मेनाइट तिथेही आहे. 1989 मध्ये ते खणून काढायचा प्रस्ताव पुढे आला आणि देश ढवळून निघाला. विरोधात सुमारे 3 लाख सह्या जमल्या. न्यायमूर्ती लिऑन यांच्या समितीने खाणीविरुद्ध कौल दिला, 1996 मध्ये मंडेला सरकारने खाण नाकारली, आणि 1999 मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. खाणीऐवजी पर्यटन, असा तो सौदा होता. मला तो विसाव्या शतकातल्या सर्वांत शहाण्या सौद्यांपैकी एक वाटतो.

का, ते कासवांकडे पाहिलं की कळतं. कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवात ज्याची पिल्लं दिसतात ते ऑलिव्ह रिडले कासव चाळीसेक किलोचं. इथे अंडी घालायला येणारी चामडी पाठीची (लेदरबॅक) मादी अनेकदा त्याच्या सात-आठ पट वजनाची असते. तिच्या जोडीला लॉगरहेड. 1963 पासून इथे दर हंगामात किनारा तपासला जातो. जगातल्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या कासव-नोंदींपैकी ही एक. पिल्लांच्या कवचाला खाच पाडून सोडण्याचं काम वर्षानुवर्षं झालं, आणि खाच असलेल्या माद्या परत आल्या तेव्हा उलगडलं की लॉगरहेड पहिल्यांदा अंडी घालायला साधारण तिशी ओलांडल्यावर येते. हजारात एखाद-दोनच पिल्लं तिथवर पोचतात. म्हणजे खाण नाकारली त्या वर्षी समुद्रात गेलेली पिल्लं आत्ता कुठे आई व्हायच्या वयात येत आहेत. त्या निर्णयाचं फळ किनाऱ्यावर मोजायला आज कुठे सुरुवात होते आहे.

गावांना मात्र तीस वर्षं थांबता येत नाही. उद्यानाभोवतीचा उमखान्याकुडे जिल्हा दक्षिण आफ्रिकेतल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांपैकी आहे. उद्यानासाठी आणि वनीकरणासाठी इथल्या कित्येक कुटुंबांना जमिनीवरून हलवलं गेलं. पुढे दावे मान्य झाले तेही जमीन राखीवच राहील या अटीवर. उत्तरेला कोसी बे इथे त्सोंगा लोक लाकडी कुंपणांचे सापळे लावून मासे धरतात, ती परंपरा 700 वर्षांची. या सगळ्या गावांनी संवर्धनाची किंमत आधीच चुकवली आहे. म्हणून हंगामात परवानाधारक वाटाड्याबरोबर रात्री कासव पाहायला जाणाऱ्याने जरूर विचारावं: हा वाटाड्या कुठल्या गावचा, राहायची खोली कुणाची, प्रवेशशुल्कातलं गावाला काय मिळतं?