एम. एस. आणि स्मरणशक्ती : न दिसणारी अडचण

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एम. एस. हा मेंदूचा व मज्जारज्जूचा आजार. बहुधा वयाच्या २० ते ४० च्या दरम्यान, म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार यांच्या ऐन भरात तो उद्‌भवतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. विजेच्या तारेवर रबरी वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्यावर हल्ला करते, आणि मग संदेश रेंगाळतात, मध्येच तुटतात. पाय लटपटतात, दृष्टी अंधुक होते, हे लोकांना दिसते. विचार रेंगाळतो ते दिसत नाही. आम्हांस त्याविषयीच सांगावयाचे आहे.

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. स्मरणशक्ती क्षीण होते, कल्पना सावकाश उमटतात, हेही त्यांनी तेव्हाच नोंदविले होते. तरीही पुढे दीर्घकाळ सर्वांचे लक्ष हातापायांकडेच राहिले. १९९१ साली अमेरिकेत १०० रुग्णांची कसून तपासणी झाली, तेव्हा ४३ टक्क्यांच्या आसपास हा दोष आढळला.

सर्वांत आधी मंदावतो तो बहुधा विचारांचा वेग. त्याची एक सोपी चाचणी आहे. कागदावर नऊ चिन्हे व त्यांचे अंक दिलेले असतात. खाली चिन्हांच्या ओळी. ९० सेकंदांत जमतील तितक्या चिन्हांचे अंक सांगावयाचे. आम्हा काउंटरवर बसणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटतो : आकडा चुकत नाही, पण रांगही पुढे सरकत नाही!

स्मरणाचे म्हणाल तर नवी गोष्ट मनात उतरण्यासच अधिक वेळा ऐकावी लागते. भाषा आणि पूर्वीचे ज्ञान मात्र बहुधा शाबूत असते. माणूस नीट बोलतो, म्हणून घरचे व कचेरीतले त्याला आळशी, कामचुकार ठरवितात. चालणे ठीक असले म्हणजे डोकेही ठीक, हा समज चुकीचाच. थकवा, नैराश्य व उष्णता यांनी त्रास वाढतो. पैकी नैराश्यावर उपचार आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरात असा रुग्ण असेल तर टी. व्ही. चालू असताना निरोप सांगू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा, शक्य तर लिहून द्या. अवघड काम सकाळी, ताजेतवाने असताना उरकू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एम. एस. आहे. तपासणीस जाताना विसरण्याचा त्रासही डॉक्टरांना सांगावा. नुसते पायांचे दुखणे सांगून उठू नये.